लोखंडाच्या मळीचा रस्ता

भट्टीत लोखंड वितळले की त्यातील अशुद्ध अंश चुन्याशी मिळून वर तरंगतो. ही मळी, निवल्यावर तिचा दगड होतो. कारखानदाराला ती नेहमीच नसती ब्याद वाटत आली, कारण टाकावयास जागा हवी आणि वाहून न्यावयास पैसा.

इंग्लंडातील डेन्बी येथे एका लोखंडाच्या कारखान्यानजीक डांबराचे पिंप फुटले आणि सांडलेल्या डांबरावर कोणी तरी मळी पसरली. तेवढ्याच तुकड्यावर धूळ नाही की चाकोरी नाही, हे एडगर हूली या सर्वेक्षकाने हेरले, असे सांगतात. १९०२ साली त्याने या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यातले डांबरही कोळशापासून गॅस काढताना उरणारेच!

कोकणात हे शहाणपण उशिरा पोचले. रायगड जिल्ह्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या सुमारे ८०,००० टन मळीची खडी करून मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात एक किलोमीटर रस्ता बांधण्यात आला. १३ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तंत्र केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे. सुरतेजवळच्या हजिऱ्यात २०२२ साली ते वापरून झालेले होते. एरवी ही खडी कोणत्या तरी डोंगराला सुरुंग लावूनच आली असती.

मात्र पोलादाच्या मळीत मोकळा चुना राहतो. पाणी लागताच तो फुगतो आणि रस्ता उकलतो. म्हणून ही मळी आधी मुरवून घ्यावी लागते. त्या कामी जेथे घाई होईल, तेथे कोकणचा पाऊस ती उघडी पाडल्यावाचून राहणार नाही.