पायली आणि बंदुकीची दारू

आम्हा परभणीकडच्या मंडळींना ज्वारीचे माप माहीत ते पायलीचे. भांडे भरायचे, वरून हात फिरवायचा. काटा लागत नसे. बंदुकीच्या दारूचेही तसेच होते. ठासणीच्या बंदुकीत ती लहानशा मापाने ओतत. कमी पडली तर गोळी नळीतच अडके. फार झाली तर नळी फुटून चालवणाऱ्याचाच हात जाई.

लढाईच्या धांदलीत मोजायला उसंत कुठली? म्हणून कागदी काडतूस आले. आत गोळी आणि आधीच मोजलेली दारू. १८५३ च्या एनफिल्ड बंदुकीसाठी ती सुमारे ४.४ ग्रॅम असे. १८५७ मध्ये या काडतुसाच्या चरबीवरून भडका उडाला, हे आपण शाळेत शिकलो. त्यातले माप मात्र लक्षात राहिले नाही.

१८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला. मोजण्याचे काम शिपायाच्या हातून कारखान्याकडे गेले. आज काडतुसे भरणाऱ्या यंत्रांतही बहुधा दारू भांड्यानेच मापतात. पण दाणा बारीक-जाड झाला की त्याच मापाचे वजन बदलते, म्हणून अधूनमधून ती काट्यावर तोलून पाहावी लागते.

पायलीत मूठभर कमी पडले तर भांडण होते. दारूत चिमूटभर जास्त झाली तर भांडायला हात उरत नाही.