इगतपुरीची हवा आणि आदर्श वायू

कसाऱ्याहून थळ घाट चढून आलेली गाडी इगतपुरीला थांबते, तेव्हा ती समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आलेली असते. समुद्रकाठी 1013 मिलिबारच्या आसपास धरला जाणारा हवेचा दाब इथे साधारण 940 वर उतरतो. घाटात कानांना दडे बसतात, वेफर्सची पुडी फुगते, ती या सत्तरेक मिलिबारांची करामत. वायूंच्या अभ्यासाला याच फलाटावरून सुरुवात करावी, प्रयोगशाळा नंतर.

मिश्रणातला प्रत्येक वायू, जणू भांड्यात तो एकटाच आहे, असा आपापला दाब देतो आणि एकूण दाब म्हणजे त्यांची बेरीज, हे जॉन डाल्टनने 1801 मध्ये मांडले. आषाढात इथली हवा 23 अंशांवर बाष्पाने पुरती भरली, तर 940 पैकी जेमतेम 28 मिलिबार बाष्पाचे. उरलेल्यात नायट्रोजनचे सुमारे 712 आणि ऑक्सिजनचे 191. बाष्पाचा रेणुभार 18, कोरड्या हवेचा सरासरी 29. म्हणजे तितक्याच तापमानाला आणि दाबाला ओली हवा कोरडीपेक्षा हलकी. घामाघूम माणसाला हे पटवणे कठीण, पण हिशेब तसाच आहे.

हे 28 मिलिबारच सगळी गंमत करतात. आदर्श वायूचे रेणू बिंदुमात्र. एकमेकांना ओढत नाहीत. असा वायू कितीही दाबा, कितीही थंड करा, त्याचे पाणी होणार नाही. आदर्श वायूच्या समीकरणात धुके बसतच नाही! कोकणातून वर ढकललेली हवा मात्र प्रसरण पावून निवते आणि थळ घाट धुक्यात बुडतो.

1865 पासून रेल्वे चढते आहे तो हा घाट, चढ 37 ला 1. आजच्या गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनाचा काँप्रेसर बाहेरची हवा आठ-नऊ पट दाबतो. टाकीत ती निवली की नायट्रोजन आणि ऑक्सिजन समीकरणाबरहुकूम वागतात. बाष्पाचा दाब मात्र अडीचशेवर जायला हवा, तो 23 अंशांना 28 च्या वर जात नाही. उरलेल्याचे पाणी होते. ते काढून टाकायची सोय ठेवावीच लागते.

रेणूंचे आकारमान आणि ओढ हिशेबात घेणारे समीकरण व्हान डेर वाल्सने 1873 मध्ये दिले. त्याला या पुस्तकाचा उत्तरार्ध दिला आहे. पूर्वार्धासाठी त्रैराशिक येत असले तरी पुरे.