नवस्वतंत्र राष्ट्राची मान्यता : बांगला देश (१९७१–७५)

एखाद्या प्रदेशात नवे सार्वभौम राज्य उदयास आले असून त्याच्याशी तह-करार करण्यास व परस्परांच्या दरबारी वकील ठेवण्यास आपण सिद्ध आहोत, असे दुसऱ्या राज्याने विधिवत जाहीर करणे, यास आंतरराष्ट्रीय विधीत मान्यता म्हणतात. लोकवस्ती, निश्चित भूप्रदेश, शासन आणि परराष्ट्रांशी व्यवहार करण्याची क्षमता ही राज्याची चार लक्षणे १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात सांगितली आहेत. ती अंगी असली की राज्य सिद्धच असते व मान्यता त्याची केवळ दखल घेते, असे एक मत, तर इतरांच्या स्वीकारावाचून राज्यास राज्यपण येत नाही, असे दुसरे. पहिलेच मत न्याय्य होय. परंतु मान्यतेवाचून राज्याची किती अडवणूक होते, हे बांगला देशाच्या उदाहरणावरून उमगते.

२६ मार्च १९७१ रोजी, तोवर पूर्व पाकिस्तान असलेल्या या प्रदेशाचे, स्वातंत्र्य घोषित झाले. १७ एप्रिलला मेहेरपूरनजीकच्या वैद्यनाथतला येथील आमराईत, राष्ट्राध्यक्ष शेख मुजीबुर रहमान पाकिस्तानच्या बंदिवासात असताना, कार्यकारी अध्यक्ष सय्यद नझरुल इस्लाम व पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांच्या सरकारचा शपथविधी झाला. दुसऱ्याच दिवशी कलकत्त्यातील पाकिस्तानी उप-उच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या कचेरीवर नव्या राष्ट्राचे निशाण चढविले. तरीही एकाही राज्याची मान्यता मिळाली नाही. भारतीय संसदेने ३१ मार्चलाच सहानुभूतीचा ठराव केला होता, पुढे निर्वासितांचा आकडा कोटीच्या घरात गेला, मान्यतेची मागणी देशभर होऊ लागली. पण ज्या सरकारचा अंमल स्वभूमीवर पुरता बसलेला नाही, त्यास मान्यता देणे हा मूळ राज्याच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप ठरत असल्याने दिल्लीने आठ महिने धीर धरला. तो धीर त्या वेळी अनेकांना निष्ठुर वाटला, पण तो शहाणपणाचा होता. ३ डिसेंबरला उघड युद्ध जुंपले आणि ६ डिसेंबरला भूतान व भारत या दोघांनी मान्यता दिली. पैकी भूतान स्वतःच अवघ्या अडीच महिन्यांपूर्वी संयुक्त राष्ट्रांचे सभासद झाले होते, म्हणून त्या लहानशा राज्याचे धैर्य विशेष स्मरणीय आहे. पाकिस्तानने त्याच दिवशी भारताशी राजनैतिक संबंध तोडले.

१६ डिसेंबरच्या ढाक्यातील पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीनंतर मात्र मान्यतापत्रे भराभर येऊ लागली : जानेवारी १९७२ मध्ये पूर्व जर्मनी, ब्रह्मदेश, नेपाळ व सोव्हिएट संघ, ४ फेब्रुवारीस ब्रिटन, ४ एप्रिलला अमेरिका.

संयुक्त राष्ट्रांचे दार मात्र उघडेना. २५ ऑगस्ट १९७२ रोजी चीनने सुरक्षा समितीत नकाराधिकार वापरून बांगला देशाचा अर्ज फेटाळला, आणि युद्धकैद्यांची सुटका व सैन्याची माघार यांसंबंधीचे ठराव अमलात आलेले नाहीत, हे कारण पुढे केले. कैदी भारतातील छावण्यांत होते. त्यांच्या प्रश्नासाठी सुमारे साडेसात कोटी लोकांच्या राष्ट्रास सभासदत्वावाचून तिष्ठत ठेवणे हा उघड अन्याय होता, आणि जे सरकार स्वतः वर्षापूर्वीपर्यंत त्याच दाराबाहेर उभे होते त्याला तर तो मुळीच शोभणारा नव्हता. लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या वेळी, २२ फेब्रुवारी १९७४ रोजी, पाकिस्तानने मान्यता दिली, तेव्हा चीनचा विरोध मावळला; १७ सप्टेंबर १९७४ रोजी बांगला देश संयुक्त राष्ट्रांचा १३६ वा सभासद झाला. खुद्द चीनची मान्यता ३१ ऑगस्ट १९७५ रोजी आली; त्याआधी सोळा दिवस, १५ ऑगस्टला, ढाक्यातील राहत्या घरी शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली होती.