सामाईक भिंतीच्या पायाखाली

जीर्णोद्धार म्हटला की सर्वांची दृष्टी शिखराकडे व कळसाकडे जाते. परंतु देवळाच्या फुलबागेची जुनी भिंत पुष्कळदा शेजाऱ्याच्या परसाचीही भिंत असते. तिच्या बुडाशी कुदळ चालली की काम एकट्या गवंड्याचे राहत नाही. त्यात शेजारधर्म येतो आणि कायदाही येतो. म्हणून या विषयाचा थोडा इतिहास नशिराबादकर बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

जमिनीवरून हद्द ओळखण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत सीमेच्या खुणा सांगताना झाडे, बांध व वारुळे यांच्याबरोबर कोळसा, कोंडा व हाडे यांचाही उल्लेख येतो. कोळसा मातीत कुजत नाही, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या साक्ष देतो. मराठेशाहीत हद्दीचे तंटे गोतसभेपुढे चालत. वतनदार महाराची साक्ष मोलाची मानली जाई आणि निवाड्याचा महजर होई.

भिंतीला मिळणाऱ्या आधाराचा हक्क मात्र इंग्रजी अमदानीत लेखी कायद्यात आला. त्या काळी आपल्या तालुक्यास नशिराबादचेच नाव होते. इंग्लंडात न्यूकॅसल येथे शेजारच्या खोदाईमुळे गाड्यांच्या कारखान्याची इमारत कोसळली. इमारतीचा तसा वापर सुरू होऊन २७ वर्षे झाली होती. १८८१ साली तेथील हाऊस ऑफ लॉर्ड्सने कारखानदाराच्या बाजूने निकाल दिला. १८८२ साली आपल्या देशात सुविधाधिकार कायदा झाला व १८९१ साली तो मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला. त्याचे सार असे की, जमिनीस शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळणे हा मालकाचा हक्कच आहे. बांधकामास असा आधार २० वर्षे शांतपणे, हक्काने व खंड न पडता मिळाला असेल, तर तोही काढून घेता येत नाही.

खानदेशात मातीचाही विचार केला पाहिजे. जुनी गावठाणे पांढरीवर वसलेली आहेत. मातीची घरे पडली, त्यांवर नवी उठली आणि थरावर थर साचले. १९५५ साली प्रकाशे येथे तापी-गोमाई संगमाजवळ श्री. बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा अशाच थरांच्या तळाशी ताम्रपाषाण युगातील वस्ती आढळली. अशा भरावावर उभी असलेली भिंत मुरुमावरील भिंतीइतकी भक्कम धरून चालत नाही. काळी माती तर पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते.

तेव्हा भिंतीच्या पायाखाली खणावयाचे झाल्यास शेजाऱ्यास आधी सांगावे, त्याची लेखी संमती घ्यावी आणि दोघांच्या समक्ष मोजमाप करावे. काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. सबंध पाया एकदम उघडू नये. भिंतीस टेकू देऊन तीन-चार फुटांचा एक तुकडा खणावा, तो बांधून पक्का होऊ द्यावा, मगच दुसरा घ्यावा. लगतचे दोन तुकडे एका वेळी कधीही उघडू नयेत. खाली जुना दगड वा कोळसा लागला तर हात थांबवून दोन्ही घरच्यांस दाखवावा.

या रीतीने खर्च व दिवस दोन्ही वाढतात हे खरे. तथापि शेजाऱ्याची भिंत पाडून उभारलेले देऊळ गावाला शोभणार नाही. म्हणून समितीने व उदार देणगीदारांनी पायाच्या या खर्चासही देवकार्याचाच खर्च मानावा, अशी नम्र विनंती आहे.