धामच्या पलीकडची विश्रांती

रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याच्या शेजारी आता टॅरोच्या पत्त्यांचं सदरही असतं. त्यातलं एक पान बहुतेकांना पाहताक्षणी अपशकुनी वाटतं. दगडी कबरीवर चिलखत घातलेल्या एका योद्ध्याचा पुतळा उताणा पडलेला आहे. हात छातीवर जोडलेले. वर भिंतीवर तीन तलवारी टोकं खाली करून टांगलेल्या, चौथी त्याच्या खाली, कबरीच्या कडेनं आडवी. कोपऱ्यात रंगीत काचांची खिडकी. हे चार तलवारींचं पान. ज्याच्या वाट्याला ते येतं तो दचकतो, आणि पत्ते वाचणारा त्याला समजावतो की यात मरण नाही, विश्रांती आहे. आजारातून उठणं आहे.

या पानाचा इतिहास छोटासा आहे, तो आधी सांगून टाकतो. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते खेळायला. भविष्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, जसा आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या मंडळींनी पानापानाला अर्थ चिकटवले, आणि चार तलवारींच्या वाट्याला ‘एकांत’ आला. जुन्या फ्रेंच पत्त्यांत या पानावर माणूसच नव्हता, नुसत्या चार तलवारी आणि मध्ये एक फूल. कबरीवरचा योद्धा आला १९०९ साली, लंडनमध्ये. आर्थर वेट यांनी योजना केली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं चित्रं काढली. वेट यांनी अर्थ दिले ते असे: सावधपणा, माघार, एकांतवास, विजनवास. यातला ‘सावधपणा’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. झोपलेल्या माणसाच्या चित्राला सावधपणा म्हणायचं, म्हणजे ही झोप काही वेगळी आहे. आणि चारातल्या तीनच तलवारी टांगल्या आहेत, एक हाताशी ठेवली आहे, हेही विसरता येत नाही.

पत्त्यांवर माझा विश्वास नाही. पण चित्र एक प्रश्न विचारतं, आणि त्या प्रश्नाचं एक खरंखुरं उत्तर आपल्या वर्धा जिल्ह्यात घडून गेलेलं आहे. लढणाऱ्या माणसानं आडवं कधी व्हायचं? आडवं होताना काय खाली ठेवायचं, आणि काय हाताशी राहू द्यायचं?

विनोबा वर्ध्याला आले ते १९२१ च्या एप्रिलमध्ये, गांधीजींच्या सांगण्यावरून, आश्रम चालवायला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते, सुटले आणि वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत, दलित वस्तीच्या गावात, राहायला गेले. तिथं त्यांनी एक प्रयोग मांडला: सूत कातणाऱ्याला जी मजुरी मिळते, तेवढ्यावरच आपण जगायचं. प्रयोग कागदावर सोपा वाटतो. प्रत्यक्षात रोज आठ-आठ तास कातायचं, शिवाय शिकवायचं, गावोगाव जायचं आणि जेवणात काटकसर करायची. शरीर किती दिवस ऐकणार? १९३८ उजाडलं तेव्हा त्यांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. वय अवघं बेचाळीस. आसपासच्या लोकांना वाटू लागलं होतं की हा माणूस आता फार दिवसांचा सोबती नाही.

बातमी सेवाग्रामला पोचली. तेव्हा ते सेगावच होतं, नाव बदललं १९४० साली. गांधीजींनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, माझ्याजवळ येऊन राहा, मी सेवा करीन. विनोबांनी नकार दिला, आणि नकाराचं कारण मोठं मासलेवाईक आहे. त्यांचं म्हणणं असं की आपल्याला पन्नास कामं, त्यातलं एक काम रोग्यांच्या सेवेचं, आणि त्या कामात पुन्हा पन्नास रोगी. त्यात माझा नंबर कुठं लागणार? गांधीजी हसले. मग डॉक्टरांचा, थंड हवेच्या ठिकाणांचा विषय निघाला. विनोबा म्हणाले, पवनारला जमनालालजींचा बंगला रिकामा आहे, मी तिथं जातो. गांधीजींना ते पटलं. गरिबाला कुठं परवडतं थंड हवेचं ठिकाण! पण त्यांनी एक अट घातली: आश्रमाची, संस्थांची, कामाची सगळी काळजी इथंच ठेवून जायचं.

ही अट घालण्याचा अधिकार गांधीजींना होता, कारण त्यांनी स्वतः दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी ठेच खाल्ली होती. १९३५ च्या डिसेंबरात, मगनवाडीत असताना, कामाच्या ओझ्यानं त्यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती फर्मावली. दोन महिन्यांहून अधिक काळ हा माणूस लिहू-बोलू शकला नाही. ज्याच्या लेखी मिनिटही वाया घालवणं म्हणजे चोरी, त्याला हे किती जड गेलं असेल! त्यानंतर ३० एप्रिल १९३६ रोजी ते मगनवाडीतून पायी सेगावला गेले, ते खेड्यात राहायचं म्हणून. दर सोमवारचं मौन तर त्यांचं त्याआधीपासूनचं होतं. आठवड्यातून एक दिवस जिभेला सुट्टी. पुढं सेवाग्रामला आजाऱ्यांची रीघच लागली. आचार्य नरेंद्र देव दम्यानं बेजार होऊन काही महिने तिथं राहिले. परचुरे शास्त्री, संस्कृतचे पंडित, कुष्ठरोग घेऊन आले तेव्हा गांधीजींनी त्यांना जवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केलं. देशाचा लढा चालवणाऱ्या आश्रमाचा एक कोपरा कायमचा रुग्णालय होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत चार ओळींत आटोपते. पण सेवाग्राम समजायचं तर ती मधोमध ठेवावी लागते.

तर ७ मार्च १९३८. नालवाडीहून मोटारीतून विनोबा पवनारला निघाले. पवनार हे वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, धाम नदीच्या काठी. मोटार पुलावर आली तेव्हा विनोबांनी तीनदा उच्चार केला: संन्यस्तं मया. मी टाकलं. संन्यास घेताना म्हणायचे हे शब्द. पण इथं विनोबा घरदार सोडत नव्हते, ते तर केव्हाच सुटलं होतं. पुलाच्या अलीकडे त्यांनी सोडली ती कामाची काळजी, म्हणजे त्यांच्यासारख्या माणसाला सोडायला सगळ्यांत अवघड चीज. आळशी माणसाला सुट्टी सहज जमते. कष्टाळू माणसाला तिच्यासाठी मंत्र म्हणावा लागतो.

बंगला नदीच्या पलीकडच्या टेकाडावर. धामच्या पलीकडचं म्हणून ‘परंधाम’, हे नाव विनोबांचंच. शब्दांशी खेळण्याची त्यांची हौस जाणणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. तिथं त्यांनी केलं काय? एकही कार्यक्रम ठेवला नाही. मन रिकामं ठेवायचं. आणि रोज थोडा वेळ शेतात कुदळ चालवायची. सुरुवातीला अगदी थोडकी, मग हळूहळू वाढवत. खणता खणता मध्ये थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खणायचं. वर्ध्याचं मार्च-एप्रिलचं ऊन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही विश्रांती म्हणजे थट्टा वाटेल. पण काही महिन्यांत वजन ८८ वरून १२८ पौंडांवर गेलं. चाळीस पौंडांची भर!

डॉक्टर याचं स्पष्टीकरण आहाराच्या अंगानं देतील, आणि त्यात तथ्य असणार. मला मात्र ती कुदळ त्या चौथ्या तलवारीसारखी वाटते. तीन तलवारी भिंतीला: संस्था, चिंता, हिशेब. एक हाताशी: शरीराचं साधं काम, ज्यात यशापयश नाही. नुसतं पडून राहिले असते तर विनोबांच्या मनानं नालवाडीला शंभर फेऱ्या मारल्या असत्या.

कुदळीनं आणखी एक गोष्ट केली. पवनारची जमीन साधी नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मत मांडलं होतं. मतभेद आहेत, काही अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. १९६७ साली नागपूर विद्यापीठानं पवनारला उत्खनन केलं. या जमिनीत खणताना विनोबांना कोरीव शिल्पं मिळाली, आणि त्यातल्या एकात भरत आणि राम यांची भेट. आता योगायोग पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यात बाराव्या अध्यायावर बोलताना लक्ष्मण आणि भरत यांची तुलना आहे. भरत-रामाच्या भेटीचं चित्र कुणी काढलं तर किती बहार होईल, अशी कल्पनाही आहे. सहा वर्षांपूर्वी मनात आलेलं चित्र, आणि विश्रांतीसाठी आलेल्या ठिकाणी दगडात कोरलेलं ते दीड हजार वर्षांपासून मातीखाली पडून! विनोबांनी तो प्रसाद मानला. भरताचं सगळं मोठेपण रामापासून दूर, नंदिग्रामात, वाट पाहत राहण्यात आहे, हेही इथं आठवतं.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. विनोबांना ही विश्रांती मिळाली कारण बंगला रिकामा होता आणि नालवाडीचं काम पुढं चालवणारे हात होते. याच जिल्ह्यात उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या बाईला संन्यस्तं मया म्हणायला पूल कुठला? आपल्याकडं वर्षातून एक दिवस हक्काची सुट्टी मिळते ती बैलाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तुपा-हळदीनं शेकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपायचं नाही. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला लोक लांबून येतात, तिथं तर लाकडी बैलालाही मिरवणूक. शेतमजुराच्या खांद्याची आठवण ठेवणारा सण मात्र आपल्या पंचांगात नाही.

बंगल्याच्या मालकाची गोष्टही फार वेगळी नाही. जमनालाल बजाज १९४१ साली तुरुंगातून सुटले ते ढासळलेली प्रकृती घेऊन. मन थकलं होतं. त्यांनी गोसेवा हे काम निवडलं आणि वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडीत राहू लागले. पण त्यांना विश्रांती घेता आली असं म्हणवत नाही. परिषद, गाठीभेटी, नवी संस्था, सगळं त्याच वेगानं सुरू. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते अचानक गेले. वय बावन्न. दुसऱ्याला विसाव्याची जागा देणारा माणूस स्वतः पुलापर्यंत पोचलाच नाही.

पवनारहून विनोबा उठले ते कसे, हे सर्वांना ठाऊक आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी पवनारलाच भाषण केलं आणि चार दिवसांत तुरुंगात गेले. १९५१ च्या मार्चमध्ये पायी निघाले, एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान मिळालं, आणि मग तेरा वर्षं चालत राहून १९६४ च्या एप्रिलमध्ये पवनारला परतले. पोटात व्रण असलेल्या माणसाची ही चाल.

पण माघारीला दुसरीही बाजू असते, आणि विनोबांच्याच आयुष्यात ती दिसते. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी एक वर्षाचं मौन घेतलं. सहा महिने झाले नाहीत तोच आणीबाणी आली. देश बोलायला तडफडत असताना पवनार गप्प होतं, आणि जे दोन शब्द कागदावर उमटले ते ‘अनुशासन पर्व’. सरकारी प्रचारानं ते भिंतीभिंतीवर रंगवले. मौन संपल्यावर त्यांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्ताधाऱ्यांचं असतं ते नुसतं शासन. खुलासा चांगला होता, पण उशिरा आला. १९३८ साली त्यांनी काळजी टाकली तेव्हा ओझं फक्त त्यांचं स्वतःचं होतं. १९७५ साली तसं नव्हतं. तुरुंगात जयप्रकाश होते, आणि विनोबांचेच कितीतरी सोबती. योद्धा निजला तर निजू दे, पण वेट यांनी लिहिलेला पहिला शब्द सावधपणा आहे, आणि त्या वर्षी तो कमी पडला असं माझं मत आहे. वेगळं मत असणारे वर्ध्यातच पुष्कळ भेटतील.

१९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध बंद केलं. दिवाळीचा दिवस होता, १५ नोव्हेंबर, तेव्हा ते गेले. धामच्या काठीच त्यांना अग्नी दिला. टेकाडावर १९५९ साली त्यांनी सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर आहे. तिथल्या बहिणी शेत स्वतः राखतात, आणि भरत-रामाचं ते शिल्प आवारातच बसवलेलं आहे. नागपूरहून येताना धामचा पूल लागतो, तिथं गाडी थोडी हळू केली की टेकाड दिसतं.