राज्य इजिप्तचं, फौज इंग्रजांची

आज इजिप्तची गोष्ट सांगते. नाईल नदीकाठचा, कापूस पिकवणारा हा देश. १८८२ साली इंग्रजांची फौज तिथे उतरली. लवकरच परत जाऊ, असं इंग्रज सांगत राहिले. फौज मात्र हलली नाही.

१९१९ मध्ये साद झगलूल या पुढाऱ्याला पकडून माल्टा बेटावर पाठवलं, तेव्हा देश पेटून उठला. १६ मार्चला कैरो शहरात बायकांनी मोर्चा काढला. हुदा शारावी त्यात पुढे होत्या. सैनिकांनी वेढा घातला, तरी बायका तासन्‌तास उन्हात उभ्या राहिल्या.

शेवटी २८ फेब्रुवारी १९२२ रोजी इंग्रजांनी इजिप्त स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. राजा आला, राज्यघटना आली. पण चार गोष्टी इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवल्या: साम्राज्याच्या दळणवळणाची सुरक्षा, म्हणजे मुख्यतः सुएझ कालवा; देशाचं संरक्षण; परदेशी लोकांचं आणि अल्पसंख्याकांचं रक्षण; आणि सुदान. घर नावावर करून दिलं, किल्ल्या मात्र कमरेलाच राहिल्या!

१९२४ मध्ये झगलूल मोठ्या बहुमताने निवडून आले, पंतप्रधान झाले. त्याच नोव्हेंबरात इजिप्तच्या सैन्याचा इंग्रज सरसेनापती ली स्टॅक याचा खून झाला. इंग्रजांनी पाच लाख पौंड दंड मागितला आणि सुदानातून इजिप्तचं सैन्य काढायला लावलं. झगलूल यांना राजीनामा द्यावा लागला. लोकांनी निवडलेलं सरकार वर्षभरही टिकलं नाही.

१९३६ साली नवा करार झाला. फौज कालव्याच्या पट्ट्यात राहील, शांततेच्या काळात दहा हजारांच्या वर नसेल, असं ठरलं. तरीही युद्धकाळात, ४ फेब्रुवारी १९४२ रोजी, इंग्रजांचे रणगाडे राजवाड्याभोवती उभे राहिले. आम्ही सांगू तोच पंतप्रधान नेमा, असं राजाला बजावलं. राजाने तसंच केलं. शेवटचा इंग्रज सैनिक गेला तो जून १९५६ मध्ये.

मग १९२२ चं ते स्वातंत्र्य खोटंच होतं का? अगदी तसं नाही. हुदाबाईंनी १९२३ मध्ये स्त्रियांची संघटना काढली. मुलींच्या लग्नाचं वय किमान सोळा करणारा कायदा त्याच वर्षी झाला. पण मत देण्याचा हक्क पुरुषांनाच मिळाला. १९२४ मध्ये संसद सुरू झाली, तेव्हा बायका बाहेर फलक घेऊन उभ्या होत्या. त्यांना मताचा हक्क मिळाला तोही १९५६ सालीच.

अर्धी सत्ता हाती आली तर ती टाकून देऊ नये, तिचा वापर करावा. पण तिला पुरी म्हणू नये. पुरी की अर्धी, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: मतभेद झाला, तर शेवटचा शब्द कुणाचा?

खुर्ची बाईची आणि कारभार दुसऱ्याचा, हे आपल्या ग्रामपंचायतीतही आपण पाहतो. गटाच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर काढा.