मोट गेली, पंप आला : पाणी चढवण्याची हकिकत



विहिरीवर पंप बसवायचा म्हटलं, की आपला पहिला सवाल असतो, "किती हॉर्सपॉवरचा घेऊ?" पाइपाचा विचार शेवटी, आणि तोही उरलेल्या पैशात. मग पाणी कमी पडतं, मोटार तापते, आणि दोष पंपाला जातो. आपल्या मुलखात पंप कसा आला याची हकिकत ऐकलीत, तर पाइपाचं महत्त्व आपोआप ध्यानात येईल.

मोटेचे दिवस

सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. वर माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाणी मिळतं ते खडकाच्या भेगांतून, म्हणून विहिरी खोल. पिढ्यान् पिढ्या हे पाणी मोटेनं काढलं. बैल धावेवरून उतरायचे, नाडा ताणला जायचा, चाक कुरकुरायचं आणि सोंदुराच्या ओढीनं सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची. काम कष्टाचं, पण मोटेची एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी खाली गेलं तर नाडा वाढवला की भागायचं. बैलांचा दम टिकेल तेवढं पाणी वर यायचं. पंपाचं तसं नाही.

पंप आला

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. पुढं १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना वसवला. तीच आजची किर्लोस्करवाडी. १९२६ पासून तिथं सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. १९४६ साली पुण्यात त्यांच्याच घराण्याचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि विजेचे खांब हळूहळू शिवारात आले. मोटेचा नाडा खुंटीला लागला.

पंप पाणी ओढत नाही

आता नीट ऐका. विहिरीच्या काठावरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त पाइपातला दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो. तो दाब पाण्याला पाइपात वर ढकलतो. इटलीत फ्लॉरेन्सच्या कारागिरांना अनुभव आला होता, की साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढतच नाही. १६४३ च्या सुमारास टोरिचेली या शास्त्रज्ञानं त्याचं कारण हवेचा दाब हेच दाखवून दिलं.

समुद्रकाठी ही हद्द १०.३ मीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच, म्हणून इथं ती पावणेदहा मीटरच्या आसपास येते. त्यातून पाइपातलं घर्षण आणि सांध्यांतली हवा वजा करा. व्यवहारात सहा मीटर, म्हणजे वीस फूट, हाच भरवसा. हॉर्सपॉवर वाढवून हे अंतर वाढत नाही.

७२ चा दुष्काळ

१९७२ च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास उभी राहिली. पाणी खाली गेलं, की पंपही खाली न्यावा लागतो. काहींनी विहिरीत कट्टा बांधून डिझेल इंजिनच खाली उतरवलं. हे फार घातक आहे. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. विहिरीत तो साचून राहतो आणि उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून इंजिन कधीच विहिरीत उतरवू नका. आत कुणी पडला तर तसेच मागे उतरू नका, दोर आणि मदत बोलवा.

पुढं पाणबुडी मोटार आली आणि हा पेच सुटला. ती पाण्यातच बुडून राहते आणि खालून पाणी ढकलते, म्हणून वीस फुटांची अट तिला नाही. लोखंडी पाइपाच्या जागी हलके पीव्हीसी पाइप आले. जळगावच्या जैन उद्योगानं १९८० साली असे पाइप बनवायला सुरुवात केली. पण सोय झाली तशी बोअरची खोली वाढतच गेली. शेवटी २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणावे लागले.

पाइप बसवताना

१. पाइप बारीक घेऊ नका. तेवढंच पाणी तीन इंचीऐवजी अडीच इंची पाइपातून नेलं, तर घर्षण सुमारे अडीचपट होतं. दोन इंचीतून नेलं, तर साडेसातपट. पाइपात वाचवलेला पैसा वीजबिलात जातो.

२. एक हॉर्सपॉवर म्हणजे सेकंदाला ७५ लिटर पाणी एक मीटर वर नेण्याची ताकद. तीन हॉर्सपॉवरचा पंप निम्मी ताकद कामी लावतो असं धरलं, तर २५ मीटर उंचीवर सेकंदाला साडेचार लिटर पाणी मिळेल. घर्षण वाढलं की उंची वाढल्यासारखंच होतं, आणि पाणी घटतं.

३. काठावरच्या पंपाचा सक्शन पाइप आखूड ठेवा. तो पंपाकडं सतत चढता असावा. मध्ये उंचवटा राहिला तर तिथं हवा साचते आणि पंप पाणी सोडतो.

४. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे आपला फुटबॉल, उन्हाळ्यातही पाण्यात बुडालेला राहील असा सोडा, पण तळाच्या गाळापासून दोन फूट वर ठेवा. पंप सारखा भरावा लागत असेल, तर आधी फुटबॉल आणि सक्शनचे सांधे तपासा.

५. काटकोनी एल्बो टाळा, लांब वळणाचा बेंड वापरा.

६. पाणबुडी मोटार केबलला धरून उचलू नका. वेगळा मजबूत दोर बांधा. अर्थिंग चुकवू नका, आणि काम करताना मेन स्विच बंद ठेवा.

मंडळी, बैल दमले की मोट थांबायची आणि तेवढ्यात विहिरीला पाझर फुटायचा. मोटार दमत नाही. म्हणून विहिरीला विसावा द्यायचं काम आता आपलं आहे. पंप घेण्याआधी उन्हाळ्यातली पाण्याची पातळी मोजा, मग पाइप ठरवा आणि सगळ्यात शेवटी हॉर्सपॉवर. हा कागद मोटारीच्या खोलीत लावून ठेवा.

राम राम.